साखरेच्या पाण्यातला शेजार

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचं नाव ऐकून फारसं कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. 'शर्करांच्या जलीय द्रावणांतील काही अमिनो आम्लांचे भौतिक गुणधर्म.' लग्नकार्यात किंवा रेल्वेच्या डब्यात हे नाव उच्चारलं की समोरचा माणूस 'अच्छा' म्हणतो आणि खिडकीबाहेर बघायला लागतो. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, मात्र या नावाचा निकाल एका शब्दात लावला होता. "म्हंजे साखरपाणी." आणि मग तिनंच विचारलं होतं, "त्यात ते दुसरं टाकून काय करतीस?" मी म्हटलं, मोजते. द्रावण किती जड झालं, त्यातून आवाज किती वेगानं जातो, बारीक नळीतून खाली यायला त्याला किती सेकंद लागतात. "आणि मग?" मग थोडी जास्त साखर घालून पुन्हा मोजते. ती पदर तोंडाला लावून हसली.

तिचं हसणं मला कधी लागलं नाही, कारण रसायनशास्त्राच्या विभागातही आमच्याकडे काहीसं असंच बघितलं जायचं. रसायनशास्त्रातली माणसं नवे पदार्थ बनवतात. एक पांढरी पूड दुसऱ्या पांढऱ्या पुडीत घालून तिसरीच पिवळी पूड काढणं ही त्या विद्येची शान. आमच्या भांड्यात सकाळी जे टाकलं तेच संध्याकाळी असायचं. रंग बदलायचा नाही, वायू निघायचा नाही, साका बसायचा नाही. पाणी, साखर आणि अमिनो आम्ल असे तिघे शेजारी राहायचे, कुणाचं कुणाशी लग्न लागायचं नाही. मी आयुष्याची पस्तीस वर्षं, आधी विद्यार्थिनी म्हणून आणि मग शिक्षिका म्हणून, या न लागलेल्या लग्नांची नोंद ठेवली.

अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या माळेतले मणी. आपल्या शरीरातली प्रथिनं प्रामुख्यानं वीस प्रकारच्या मण्यांची ओवलेली असतात. त्यातला सगळ्यांत लहान मणी म्हणजे ग्लायसीन. ग्रीक भाषेत गोड या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून हे नाव आलं, कारण ग्लायसीन चवीला खरोखरच गोड आहे. १८१९ च्या सुमारास आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञानं कापडाच्या चिंध्या गंधकाम्लात शिजवून त्यांची साखर केली होती. वनस्पतीच्या धाग्यातून साखर निघते तर प्राण्याच्या अंगातूनही निघेल, असं वाटून १८२० मध्ये त्यानं जिलेटिन, म्हणजे आपला सरस, तसाच शिजवला. गोड स्फटिक हाती आले. त्यानं त्यांना 'जिलेटिनची साखर' म्हटलं. पुढे त्या स्फटिकांत नायट्रोजन सापडला आणि ही साखर नव्हे हे कळलं. पण गोडपणाचं नाव राहून गेलं. साखर आणि अमिनो आम्ल यांचा संबंध असा पहिल्याच भेटीत नावापुरता जोडला गेलेला आहे.

या लहानशा रेणूची गंमत त्याच्या दोन टोकांत आहे. एक टोक आम्लाचं, दुसरं अल्कधर्मी. आम्लाच्या टोकाकडचा प्रोटॉन दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो, त्यामुळे एका टोकाला ऋण भार आणि दुसऱ्याला धन भार. बेरीज केली तर शून्य. बाहेरून पाहावं तर रेणू उदासीन, आत मात्र दोन्हीकडे ताण. म्हणूनच इतका छोटा असूनही २३० अंश सेल्सिअसच्या पुढे जाईपर्यंत तो टिकून असतो, आणि तिथंही सुखासुखी वितळत नाही, त्याचं विघटन होतं.

हा ताण पाण्याला कळतो. एका मोलएवढं, म्हणजे ७५ ग्रॅम ग्लायसीन घ्या. स्फटिकांमधली हवा सोडून दिली तर ते सुमारे ४७ घनसेंटिमीटर जागा व्यापतं. तेच भरपूर पाण्यात विरघळवलं तर पाण्याचं आकारमान ४७ नं वाढायला हवं, असं कुणालाही वाटेल. २५ अंशांना ते वाढतं ४३.२ नं. उरलेली जागा कुठे गेली? ग्लायसीनच्या दोन्ही भारित टोकांनी भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना स्वतःकडे ओढून घेतलं, आणि ते पाणी नेहमीपेक्षा दाटीवाटीनं बसलं. गेल्या शतकात तिसाव्या दशकात एडविन कोन, जॉन एड्सॉल आणि त्यांचे सहकारी यांनी हे फार सुंदर रीतीनं दाखवलं. त्यांनी ग्लायकोलॅमाइड नावाचा पदार्थ घेतला. त्यात ग्लायसीनचेच अणू, तितकेच, फक्त मांडणी वेगळी, आणि टोकांना भार नाही. तो पाण्यात सुमारे ५६ घनसेंटिमीटर जागा घेतो. ४३ आणि ५६. अणू तेच, वजन तेच. मधला १३ घनसेंटिमीटरचा फरक हा निव्वळ ओढीचा. एखादं माणूस घरात आलं की बाकीचे आपोआप सरकून, अंग चोरून बसतात, तसं काहीतरी.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं होतं की हा विषय आपला आहे. जे बांधलेलं नाही, तरी ज्याचा परिणाम होतो, ते मोजता येतं, एवढंच त्या दोन आकड्यांनी मला सांगितलं.

मोजण्याची आमची प्रयोगशाळा मराठवाड्यातली. पाश्चात्त्य तक्त्यांमधले बहुतेक आकडे २५ अंशांचे असतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये नळाचं पाणीच त्याहून गरम. तेव्हा उन्हाळ्यात आम्ही ३०, ३५ आणि ४० अंशांना मोजायचो. ही आमची हवामानाशी केलेली तडजोड, आणि भारतातल्या पुष्कळ प्रबंधांत हेच तापमान दिसतं ते याच कारणानं. पाणी दोनदा ऊर्ध्वपातित केलेलं आणि उकळून आतली हवा काढलेलं. काचेची भांडी क्रोमिक आम्लानं धुतलेली. साखर आणि अमिनो आम्ल निर्वात पात्रात सुकवून ठेवलेलं. पात्राच्या पाणपेटीचं तापमान एका अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर ठेवायचं, आणि ते स्थिर व्हायला तासभर लागायचा. भारनियमनाच्या दिवसांत वीज दुपारी बाराला जायची. साडेअकराला पेटी स्थिर झालेली असायची. मग संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून.

शिवाय मुंग्या. सुक्रोजची बाटली पाण्याच्या थाळीत ठेवावी लागायची, घरी तूपसाखरेचा डबा ठेवतात तशी. आणि बुरशी. साखर आणि अमिनो आम्ल एकत्र म्हणजे सूक्ष्मजीवांना वाढलेलं ताटच. सोमवारचं द्रावण बुधवारी चालायचं नाही, त्यात कापसासारखे धागे तरंगायला लागायचे. त्यामुळे रोज नवं द्रावण. मी हे आक्काला सांगितलं तेव्हा तिला माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. "आंबतंय व्हय ते," ती म्हणाली. शिळं टाकून ताजं करण्याचा जाच तिला ठाऊक होता.

एवढी काटेकोरी का, याचा हिशेब साधा आहे. एक किलो पाण्यात दशांश मोल, म्हणजे साडेसात ग्रॅम ग्लायसीन घातलं, तर पाण्याची घनता ०.९९७०५ वरून साधारण १.०००२ होते. बदल तिसऱ्या दशांशात. आता पाण्याऐवजी साखरेचं पाणी घेतलं, तर ग्लायसीनची जागा किती बदलते ते बघायचं. ती एका मोलामागे एका घनसेंटिमीटरनं बदलली तर घनतेत फरक पडतो ०.०००१ चा. त्या एका घनसेंटिमीटरचा दहावा भाग पकडायचा असेल तर आकडा पाचव्या दशांशापर्यंत खरा हवा. आमचा सगळा विषय त्या चौथ्या-पाचव्या दशांशात राहतो. बोटाचा ठसा बाटलीला लागला, तरी वजनात तो येतो आणि शेजाऱ्याची गोष्ट झाकून टाकतो.

आवाजाचा वेग मोजायचं यंत्र अजून सुंदर. भांड्याच्या तळाशी क्वार्ट्झचा स्फटिक, तो सेकंदाला वीस लाख वेळा थरथरतो. माणसाच्या कानाला न ऐकू येणारा हा श्राव्यातीत ध्वनी. वर एक धातूची चकती, ती सूक्ष्ममापी स्क्रूनं हळूहळू वर न्यायची. दर अर्ध्या तरंगलांबीला विद्युतप्रवाह दाखवणारी सुई उचलते आणि पडते. पाण्यात ती तरंगलांबी पाऊण मिलिमीटर. सुईच्या उठाबशा मोजत स्क्रू फिरवत राहायचं. पाण्यात २५ अंशांना आवाज सेकंदाला सुमारे १४९७ मीटर जातो. त्यात ग्लायसीन घाला, वेग वाढतो. साखर घाला, आणखी वाढतो. द्रावण जितकं दाबायला अवघड तितका आवाज त्यातून चपळ. ग्लायसीनच्या टोकांशी दाटून बसलेलं पाणी आधीच आवळलेलं असतं, त्याला आणखी दाबता येत नाही, हे ती सुई सांगते.

आणि साखर आल्यावर काय होतं? साखरेच्या रेणूला ठिकठिकाणी हायड्रॉक्सिल गट असतात, ऑक्सिजन-हायड्रोजनच्या लहान लहान मुठी. त्या ग्लायसीनच्या भारित टोकांजवळ येतात. टोकांनी आवळून धरलेल्या पाण्यातलं थोडं पाणी सुटतं आणि बाहेरच्या मोकळ्या पाण्यात मिसळतं. मोकळं झालेलं पाणी जास्त जागा घेतं. म्हणून साखरेच्या पाण्यात ग्लायसीनचं आकारमान साध्या पाण्यातल्यापेक्षा थोडं वाढलेलं दिसतं, आणि साखर वाढवत नेली की तेही वाढत जातं. ग्लायसीनऐवजी व्हॅलीनसारखं लांब कर्बी शेपटाचं आम्ल घेतलं तर ते शेपूट पाण्याला आणि साखरेलाही फटकून असतं, त्याचा परिणाम उलट्या दिशेनं होतो. दोन परिणामांची वजाबाकी होऊन जे उरतं ते आमच्या तक्त्यात येतं. पाणी सुटलं, हे कुणी डोळ्यांनी बघितलेलं नाही. पाचव्या दशांशावरून आम्ही ते वाचतो.

विष्यंदितेचं मोजमाप मला सगळ्यांत घरगुती वाटायचं. विष्यंदिता हा पाठ्यपुस्तकातला शब्द. स्वयंपाकघरात तिला तार म्हणतात. लाडवांसाठी पाक करताना आक्का चमच्यावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं विलग करायची. एकतारी, दोनतारी, मग गोळीबंद. तिला घड्याळ लागत नसे, तापमापी लागत नसे. हे मोजमाप फक्त आपलंच नाही. हिंदीत एक तार की चाशनी होते, कन्नडमध्ये एक पदराचा पाक, तेलुगूतही पाकाला तारच बघतात. निम्म्या देशाच्या बायका बोटांच्या चिमटीत विष्यंदिता मोजत आल्या आहेत. आमच्या प्रयोगशाळेत तेच काम उभ्या काचेच्या नळीत व्हायचं. वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत द्रावणाची पातळी यायला किती सेकंद लागतात ते बघायचं. २० अंशांना पाण्याचा आकडा १ धरला तर शंभरात वीस भाग साखर असलेल्या द्रावणाचा सुमारे २, आणि साठ भाग साखर असली तर ५८ च्या आसपास. म्हणजे साखर तिप्पट झाली तर चिकटपणा तिप्पट होत नाही. साखरेचे रेणू एकमेकांच्या अंगणात पाय ठेवायला लागले की सगळ्यांचंच चालणं अडतं.

आमचं गाव पंचगंगेच्या काठचं, करवीर तालुक्यातलं. दिवाळीनंतर गुऱ्हाळं लागायची. मोठ्या काहिलीत उसाचा रस, खाली चुलवाणात चिपाडांचा जाळ. भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालून मळी वर आणायची आणि काढून टाकायची. मग रस आटत जातो, आधी पिवळा, मग तांबूस, मग सोन्यासारखा. शेवटी गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी करून बघतो. गोळी जमली की ओरडतो, आणि चौघं-सहा जण काहील उतरवून वाफ्यात ओततात. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो, लवकर उतरवला तर ढेप बसत नाही. पोरांना काकवी मिळायची, म्हणून आम्ही तिथंच.

तो सोनेरी रंग कुठून येतो, हे मला एम.एस्सी.ला कळलं. उसाच्या रसात साखरेबरोबर थोडी अमिनो आम्लंही असतात. थंडपणी ती शेजारी राहतात. जाळ लागला की त्यांचा साखरेशी संयोग होतो आणि त्या साखळीतून तपकिरी रंग आणि खमंग वास जन्मतो. लुई-कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये ग्लायसीन आणि ग्लुकोज पाण्यात तापवून हा प्रकार नोंदवला. पावाचा कवच, भाजलेले दाणे, भाकरीवरचे डाग, सगळीकडे हीच क्रिया थोडीफार हजर असते. म्हणजे माझ्या प्रबंधातले तेच दोन पदार्थ. फक्त मी त्यांना चाळीस अंशांच्या पुढे जाऊ दिलं नाही, आणि दोन दिवसांच्या पुढे ठेवलं नाही. शेजार आणि सोयरीक यांच्यामध्ये जाळ आणि वेळ एवढंच अंतर आहे.

जाळ नसला तरी वेळ पुरतो, हे आक्काच्या रक्तानं शिकवलं. पन्नाशी ओलांडल्यावर तिला मधुमेह निघाला. डॉक्टर दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी करायला सांगत. ती तपासणी म्हणजे काय हे तिला मी सांगितलं: रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीच्या टोकाला व्हॅलीन हे अमिनो आम्ल असतं, आणि रक्तातलं ग्लुकोज हळूहळू त्याला चिकटतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्या दिवसांचा हिशेब तिच्या अंगावर लिहिला जातो. "म्हंजे खाल्लेलं लपत न्हाई," आक्का म्हणाली. त्या आठवड्यात तिनं चहातली साखर बंद केली. माझ्या संशोधनाचा कुणावर झालेला हा पहिला परिणाम, असं मी विभागात गमतीनं सांगायची.

उपयोगाचा प्रश्न मात्र गमतीचा नव्हता. एका मुलाखतीत तज्ज्ञांपैकी एकानं माझा अर्ज चाळून विचारलं होतं, "घनता आणि विष्यंदिता? याची गरज कुणाला आहे?" प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. महागडी यंत्रं नसलेल्या महाविद्यालयात हेच संशोधन परवडतं, म्हणून ते पुष्कळ होतं. अमृतसर, अमरावती, चिदंबरम, आणि त्यांच्या आजूबाजूची असंख्य लहान गावं. एकानं ग्लायसीन ग्लुकोजमध्ये मोजलं की दुसरा ॲलनीन सुक्रोजमध्ये मोजतो. त्यातले काही तक्ते घाईचे असतात हेही खरं. पण मी त्या दिवशी जे उत्तर दिलं ते आजही देईन. प्रथिन हा फार मोठा आणि गुंतागुंतीचा रेणू आहे. साखरेच्या सान्निध्यात ते कसं वागेल हे समजायचं तर त्याचे मणी सुटे करून एकेक तपासावे लागतात. ते कुणीतरी बसून करावं लागतं.

सान्निध्याचा हा परिणाम किती मोठा आहे हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्ज टिमाशेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. साखरेच्या पाण्यात प्रथिनं जास्त टिकतात, उष्णतेनं लवकर बिघडत नाहीत, हे माहीत होतं. साखर प्रथिनाला बिलगून त्याला धरून ठेवत असेल असं कुणालाही वाटावं. मापनांतून उलट निघालं. भारित टोकांशी साखर सलगी करत असली तरी प्रथिनाचा सगळा पृष्ठभाग धरून जमाखर्च मांडला की साखर त्याच्यापासून थोडी अंतर राखून असते, आणि जवळ पाणीच जास्त असतं. प्रथिनाची घडी उलगडली तर त्याचा पृष्ठभाग वाढेल, म्हणजे साखरेला आणखी जागा सोडावी लागेल. ते महाग पडतं. म्हणून घडी मिटलेलीच राहते. न शिवता, लांब उभं राहून कुणीतरी कुणाला सावरतं. गोठणं आणि सुकणं सोसून पुन्हा जिवंत होणाऱ्या कित्येक जीवांच्या पेशींत ट्रेहॅलोज नावाची साखर साठलेली असते, तिचाही या सांभाळण्यात वाटा आहे.

२०२१ मध्ये लशीच्या रांगेत उभी असताना मी कोव्हिशील्डच्या घटकांची यादी फोनवर वाचत होते. पुण्यात बनलेल्या त्या कुपीत विषाणूच्या कणांबरोबर एल-हिस्टिडीन होतं, सुक्रोज होतं, थोडी मिठं, किंचित इथेनॉल, पॉलिसॉर्बेट आणि पाणी. एक अमिनो आम्ल आणि एक साखर, पाण्यात. हिस्टिडीन द्रावणाची आम्लता जागेवर ठेवतं, सुक्रोज त्या नाजूक कणांना सांभाळतं. ती लस माझ्या तक्त्यांवरून कुणी बनवली नव्हती, आणि तसा दावा मी स्वप्नातही करणार नाही. पण रांगेत माझ्या पुढे-मागे उभ्या असलेल्या माणसांच्या दंडात तेच जात होतं ज्याचं नाव ऐकून ती खिडकीबाहेर बघत आली होती.

त्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. आक्काच्या आतड्याला पीळ पडला. कोल्हापूरच्या एका रुग्णालयात रात्री शस्त्रक्रिया झाली, आतड्याचा बराच भाग काढावा लागला. पोटाला पूर्ण विश्रांती, तोंडानं पाण्याचा थेंब नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी मानेजवळच्या मोठ्या शिरेतून पोषण सुरू केलं. सिस्टर एक मोठी पारदर्शक पिशवी घेऊन आल्या. पिशवीला तीन कप्पे. एकात ग्लुकोजचं द्रावण, एकात अमिनो आम्लांचं, एकात दुधासारखा पांढरा स्निग्ध पदार्थ. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, वरच्या बाजूनं गुंडाळत दाब दिला, मधल्या सांध्या एकामागून एक उकलल्या. तिन्ही एकत्र झाली. पिशवी दोन-तीनदा खालीवर केली आणि स्टँडला टांगली.

मी त्या पिशवीवरची छापील अक्षरं वाचत होते. ग्लायसीन. ॲलनीन. व्हॅलीन. सेरीन. प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये. यातल्या चौघांचीही जागा मी मोजलेली होती, पाण्यात आणि ग्लुकोजच्या पाण्यात, तीन तापमानांना. ती इथे एकत्र येऊन थेंबाथेंबानं माझ्या बहिणीच्या छातीत उतरत होती. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, बसा की."

दोन दिवसांनी आक्काला बोलायचं बळ आलं. तिनं पिशवीकडे डोळ्यांनी खूण केली. "काय हाय त्यात?" मी म्हटलं, साखरपाणी. आणि ते दुसरं. तिला हसू आलं, पण टाके होते, म्हणून फक्त ओठ हलले. जरा वेळानं म्हणाली, "मग आदीच एकत्र करून का ठेवत न्हाईत? तिला रोज मळत बसावं लागतंय." मी सांगितलं, पिशवी निर्जंतुक करायला उष्णता द्यावी लागते. साखर आणि ही आम्लं एकत्र तापवली तर रंग येतो, लालसर, गुळासारखा. आणि नुसती साठवून ठेवली तरी हळूहळू येतोच. म्हणून शेवटच्या घटकेपर्यंत वेगळी ठेवतात.

"म्हंजे चुलवाण," आक्का म्हणाली, आणि डोळे मिटले.

माझा प्रबंध इतक्या थोडक्यात कुणीच समजून घेतला नव्हता. शिरेतून असं पोषण देण्याची पद्धत १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. आधी कुत्र्याच्या पिल्लांना, मग एका तान्ह्या बाळाला केवळ शिरेतून वाढवून दाखवलं. तेव्हापासून कुणीतरी बसून ठरवलं असणार की कुठलं द्रावण किती दाट असावं, कुठल्या शिरेला ते सोसेल, किती तापमानाला किती दिवस ते एकमेकांजवळ राहू शकतं. या सगळ्यामागे घनता आणि विष्यंदितेचे, कुणीही न वाचणारे तक्ते असतात. आक्काच्या उशाशी बसून मला त्या अनोळखी लोकांचा फार आधार वाटला. तिच्या अंगात काय चाललं आहे हे मला कळत होतं, आणि मी काही करू शकत नव्हते. पण शेजारी होते.

सतराव्या दिवशी तिला चमचाभर पेज दिली. त्यानंतर आक्का पाच वर्षं होती. पाक स्वतः करायची, चाखायची नाही.

आता मी निवृत्त आहे, तरी विभागातली मुलं अधूनमधून घरी येतात, कधी मी जाते. नव्या मुलीला वाटतं पहिल्या दिवसापासून साखरेला हात घालावा, नवा तक्ता लवकर तयार व्हावा. मी तिला थांबवते. डिसेंबरातली सकाळ धरायची, पाणपेटी २५ अंशांवर स्थिर करायची, आणि नुसत्या पाण्यात नुसतं ग्लायसीन मोजायचं. ४३.२ यायला हवं. कोन आणि एड्सॉल यांच्या पिढीपासून जगात ज्या ज्या कुणी भांडी नीट धुतली, पाणी नीट उकळलं आणि डोळा खुणेच्या पातळीत ठेवला, त्या सगळ्यांना हाच आकडा येत आला आहे. पहिल्या खेपेला मुलीला ४४.६ येतो, मग ४२.१. ती वैतागते, म्हणते, मॅडम, हे तर सगळ्यांनी आधीच काढलंय. मी म्हणते, काढलंय ना, म्हणून तर. ती पुन्हा बाटली धुवायला घेते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एके दिवशी ४३.२ येतो. त्या दिवशी आम्ही साखरेची बाटली थाळीतून बाहेर काढतो.